शेऱ्याचा रकाना

वेबपानावर असलेली वस्तू गायब कशी करायची हे मला एका मंगळवारी दुपारी समजलं, आणि त्या शुक्रवारपर्यंत मी ऑफिसातल्या सगळ्यांना नकोसा झालो होतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पुण्याहून बंगळूरला येऊन मला सात महिने झाले होते. आमची कंपनी म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरचा मजला. त्यात नऊ माणसं, सात कॉम्प्युटर आणि एकच टेलिफोन लाइन. इंटरनेट चालू असलं की फोन लागायचा नाही. अमेरिकेतले दंतवैद्य, कुत्र्यांची पाळणाघरं, अशांसाठी आम्ही पानं बनवायचो. तोवर वेबपान म्हणजे छापील जाहिरातीचं भावंड होतं, उघडलं की निपचित पडून राहायचं. पण जावास्क्रिप्टच्या चार ओळी घातल्या की त्यात जीव यायचा. बटण दाबलं की परिच्छेद नाहीसा, पुन्हा दाबलं की हजर. माउस नेला की निळा मथळा तांबडा. हे मी दुसऱ्यांच्या पानांची आतली लिखावट उघडून, सरळ उचलेगिरी करून शिकलो. एका दंतवैद्याच्या पानावर मी एक दाढ लपवून ठेवली होती. कुठेही क्लिक केलं की ती उगवायची. त्यानं पत्र लिहून ती काढायला लावली.

थोडक्यात, लपवण्याची विद्या हाताशी होती आणि लपवायला काहीतरी हवं होतं. ते मला राहत्या घरीच सापडलं.

मी चामराजपेटेत अण्णांच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत राहायचो. अण्णा निवृत्त हेडमास्तर. त्यांचं घराणं इथं तीनशे वर्षांचं. माझ्या मराठीला ते 'पुण्याची इंग्लिश' म्हणायचे आणि त्यांच्या स्वतःच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे जरा, 'सरी' म्हणजे बरं, असे कानडी शब्द मिठासारखे पडलेले असायचे. इथल्या जुन्या मराठी घरांचं एक वधूवर मंडळ होतं, अण्णा त्याचे चिटणीस. दर गुरुवारी संध्याकाळी लोक घरी यायचे, आणि अण्णा कपाटातून एक कापडी बांधणीची जाड वही काढायचे. नाव, जन्मवेळ, शिक्षण, उंची, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: शेरा.

हा रकाना फक्त कमिटीसाठी. बाहेरच्यांना वही दाखवताना अण्णा त्यावर पुठ्ठ्याची एक पट्टी धरायचे. पान उलटताना पट्टी आधी पुढच्या पानावर जायची, मग पान. वीस वर्षांत ती हातातून सुटली नव्हती. पट्टीखाली काय असतं ते मला वही कॉम्प्युटरवर चढवताना कळलं. 'मुलगा उत्तम, पण आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही.' 'फोटो जुना आहे, बराच.' 'मुलगी फार हुशार. मुलाला झेपेल का ते पाहावे.' 'वडील आधी हो म्हणतात, मग नाही म्हणतात, मग पुन्हा येतात.' टाइप करण्याआधी घरी ते इंग्रजीत उतरवून घेताना मी इतका हसलो की अण्णांनी खालून विचारलं, "काय रे, बरं आहे ना?"

वही चढवायची कल्पना माझीच. मंडळाचं वेबपान करूया, फुकटात करून देतो, अशी बढाई मी अध्यक्षांसमोर मारली होती. अध्यक्ष वीज खात्यातले निवृत्त इंजिनियर. आवाज असा, की टेलिफोन ठेवून नुसते खिडकीत उभे राहिले असते तरी काम झालं असतं.

"शेरा त्यात घालायचा नाही," अण्णा म्हणाले.

"मग कमिटीनं काय बघायचं?" अध्यक्ष गरजले. "अर्धी कमिटी जयनगरला गेली. एका रकान्यासाठी प्रत्येक वेळी चामराजपेटेला यायचं काय?"

"घालू आणि लपवू," मी म्हणालो.

अण्णा माझ्याकडे वळले. "म्हणजे घालायचा की नाही?"

"घालायचा. पण बाहेरच्याला दिसणार नाही. कमिटीच्या माणसानं खाली बटण दाबून परवलीचा शब्द टाकला की लाल अक्षरांत सगळे शेरे समोर."

"माझी पट्टी."

"तीच अण्णा. फक्त कॉम्प्युटरची."

हात फार लवकर वर करणाऱ्या पोराकडे मास्तर बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सरी," ते म्हणाले. "पण नीट बघून घे. ही लोकांची घरं आहेत."

अण्णांची थोरली मुलगी एका कॉलेजात गणित शिकवायची. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. गल्लीतली सगळी तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही. पान तयार झालं त्या संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली आणि काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रकाना पानात घातलास म्हणे."

"घातलाय, पण दिसत नाही."

"एक्केचाळीसचाही?"

वहीतला एक्केचाळीस क्रमांक तिचा होता. तिच्यापुढे अण्णांच्या अक्षरात शेरा होता, 'साखरपुडा झाला होता. मुलीकडून मोडला. कारण विचारू नये.' तो टाइप करताना मी हसलो नव्हतो.

"सगळ्यांचाच आहे, अक्का."

ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. "नीट ऐक. ह्या रविवारी दहा वाजता माणसं येतायत. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत, कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याला साखरपुड्याचं माहीत नाही. मी सांगणार आहे. अण्णा नाहीत, अध्यक्ष नाहीत, मध्यस्थ बाई तर नाहीच. मागच्या खेपेला त्या बाईंनी आधी जाऊन आपल्या पद्धतीनं सांगून ठेवलं. ते लोक आले, उप्पिट खाल्लं, आणि आजारी माणसाकडे बघतात तसं माझ्याकडे बघून गेले. मी तोंड उघडायच्या आधीच सगळं ठरलं होतं." तिनं एका टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. "ह्या खेपेला पहिलं वाक्य माझं. आणि ते ऐकताना त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. कळलं? एक्केचाळीसचा शेरा काढून टाक."

आता इथं कोणीही शहाणा माणूस 'बरं' म्हणाला असता. दोन सेकंदांचं काम. मी म्हणालो, "काढला तर तेवढीच जागा रिकामी दिसेल. कमिटीच्या लगेच डोळ्यावर येईल. उलट लपलेला जास्त सुरक्षित."

"नक्की?"

"शंभर टक्के."

गणिताच्या बाईला शंभर टक्के सांगितले की ती विश्वास ठेवते. "सरी," म्हणून ती कपडे घेऊन खाली गेली.

बुधवारी पान एका फुकटच्या जागेवर चढवलं. ऑफिसात उघडून बघितलं. लाल शेरे क्षणभर चमकले आणि गडप झाले. हे असं का व्हायचं, तर पान आधी सगळंच्या सगळं यायचं, शेऱ्यांसकट, आणि शेवटी माझ्या चार ओळी येऊन शेरे झाकायच्या. ती चमक बघून मला शंका यायला हवी होती. मला ती फार सुंदर वाटली. विजेसारखी, वगैरे. अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी फोनवर बसून ओळखीच्या सगळ्यांना पत्ता दिला. रविवारी येणाऱ्या मुलाच्या वडिलांनाही. "मुलाला म्हणावं, ऑफिसात बघ! तुमच्याकडं मशीनं मोठी!"

शुक्रवारी दुपारी जेवून आलो तर शेजारच्या टेबलावरचा मित्र माझ्याच पानावर वाकून बसलेला. तो चेन्नईचा, माझ्याशी हिंदीत बोलायचा.

"यार, ये तुम्हारे शादीवाले पेज पे लाल-लाल क्या है?"

"लाल? कुछ नहीं, वो तो छुपा हुआ है."

"छुपा हुआ?" तो वाचायला लागला, इंग्रजीतून, कारण पान इंग्रजीतच होतं, आणि वाचता वाचता त्याला हसू फुटलं. "मदर परमिशन फॉर वॉटर? ये क्या है भाई?"

मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. एक ते त्र्याहत्तर, सगळे शेरे, ठळक, तिरक्या, लालभडक अक्षरांत. चमकून जात नव्हते. ठाण मांडून बसले होते.

त्या काळी इंटरनेटची पानं बघायचे दोन मोठे प्रोग्राम होते, दोन ब्राउझर, आणि त्यांचं एकमेकांशी भावकीचं भांडण होतं. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नसे. माझ्या चार ओळी एकाच्याच भाषेत होत्या. दुसऱ्यानं त्या वाचल्या, खालच्या कोपऱ्यात कुठंतरी बारीक अक्षरांत 'चूक' असं पुटपुटला, आणि झाकायचं काम सोडून दिलं. लाल रंगाची सूचना मात्र दोघांना कळत होती. म्हणजे लपवणं एकाच ठिकाणी चाललं आणि रंगवणं दोन्हीकडे.

"तुम लोगों के इलेक्ट्रॉनिक सिटी में कौन सा चलता है?" मी विचारलं. त्याचा भाऊ तिथं होता.

"बड़ी मशीनों पे? यही चलता है. दूसरा तो उनपे आता ही नहीं."

मी पान सरकवत खाली गेलो. पानाच्या तळाशी मी हौसेनं एक आकडा लावला होता, किती जणांनी पान उघडलं ते दाखवणारा. एकतीस. त्यातले वीस मीच. अध्यक्षांचा पुतण्या एक-दोनदा. उरलेले कोण?

पान बदलायचं तर लाइन हवी. मी मोडेम लावला, तर नुसती शांतता. खाली टेलिफोनवाल्यांनी रस्ता खणला होता आणि खड्ड्याच्या कडेला बसून ते दोघं शेंगा खात होते. "सर, लाइन?" "नाळे," एकजण म्हणाला. उद्या.

फाइल फ्लॉपीवर घेतली, पोटदुखीचं कारण सांगितलं आणि रिक्षा करून गांधी बझारमधलं सायबर कॅफे गाठलं. तिथं कॉलेजातली मुलं गप्पा मारत बसलेली, एक मशीन मोकळं. फ्लॉपी घातली. घरघरली, थांबली, परत घरघरली, मग वाचली.

आणि आता माझ्या गाढवपणाची खरी कमाल. रकाना खोडला असता तर दहा मिनिटांत मी मोकळा झालो असतो. पण माझा जीव त्या लपवण्यात अडकलेला. इतक्या हौसेनं केलेलं बटण, परवलीचा शब्द, सगळं टाकून द्यायचं? मी ठरवलं, दोन्ही ब्राउझरांना कळेल असं लपवायचं. दुसऱ्या ब्राउझरला काचेच्या तक्त्यांसारखे एकावर एक ठेवलेले थरच तेवढे कळायचे. म्हणून प्रत्येक शेरा एका थरात घालायचा आणि थर झाकायचे. त्र्याहत्तर थर. घामेजल्या बोटांनी मी ते केलं, चढवलं, उघडलं. पान कोरं. नावं नाहीत, उंच्या नाहीत, पांढरं स्वच्छ. क्षणभर आनंद झाला. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. तिथं नावं कोरी आणि शेरे हजर. एकावर एक, एकाच कोपऱ्यात, सगळ्यांचे सगळे, आणि सगळ्यांच्या वर, वाचता येईल असा, कोणाचा तरी 'फोटो जुना आहे, बराच.'

"करंट होयतु," काउंटरवरचा म्हणाला, आणि सगळे पडदे एकदम काळे झाले. वीज गेली.

त्या अंधारात मी साधारण अर्धा तास बसलो. इंटरनेटवर त्या क्षणी जे पान होतं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं, आणि त्याला हात लावायचा काही उपाय माझ्याकडे नव्हता. मुलं बाहेर जाऊन चहा पिऊन आली. मी मशीन सोडलं नाही, दुसरं कोणी बसेल म्हणून. रविवारी दहाला दोन दिवसही उरले नव्हते, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतली ऑफिसं सुटायला एक तास होता. शुक्रवारी संध्याकाळी निघण्याआधी माणूस काय करतो? इकडचं तिकडचं बघतो.

वीज आली. ह्या वेळी मी शहाण्यासारखा वागलो. रकाना निवडला आणि खोडला, बटणही खोडलं, लाल रंगही. चढवलं. दोन्ही ब्राउझरमध्ये उघडून बघितलं, तीन-तीनदा. गेला. तळाचा आकडा आता चव्वेचाळीस होता.

शनिवारी मी दिवसभर गच्चीवरून उतरलो नाही. खालून अक्काचा आवाज यायचा. ती आईला विचारत होती केसरीभाताला वेलची किती, कोणती साडी, कॉफी आधी की नंतर. कोणी वाचलंच नसेल तर? रविवारी येणाऱ्या मुलानंही वाचलं नसेल तर? मग कशाला सांगून तिचा जीव टांगायचा? असं मी स्वतःला दर तासाला पटवत होतो आणि दर तासाला ते पटत नव्हतं. तो वाचून आला असेल आणि अक्का पहिलं वाक्य म्हणून जे बोलेल ते त्याला आधीच ठाऊक असेल, हे मला माहीत आहे आणि तिला नाही. मध्यस्थ बाईंनी जे केलं तेच मी केलं होतं, फक्त वीज आणि टेलिफोन लावून.

रविवारी साडेआठला मी खाली उतरलो. अण्णा पुढच्या खोलीत खुर्च्या मांडत होते. अक्का स्वयंपाकघरात रवा भाजत होती. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं, दोन ब्राउझर, चार ओळी, सायबर कॅफे. तिनं गॅस बंद केला.

"कोणी वाचलं?"

"माहीत नाही. पण त्यांच्या ऑफिसात तोच ब्राउझर असतो."

"तुला कधी कळलं?"

"परवा."

"परवा." झारा तिच्या हातातच होता. "आणि काल दिवसभर वर काय करत होतास?"

"कपडे धूत होतो."

"दिवसभर?"

मी मांडणीवरचे कप उतरवायला लागलो.

"शब्द सांग. नेमके. काय लिहिलंय माझ्यापुढे?"

तिनं स्वतः तो रकाना कधी बघितला नव्हता. अण्णा घरच्यांपुढेही पट्टी धरायचे. मी शब्द सांगितले.

"'मुलीकडून मोडला' असं अण्णांनी लिहिलंय? 'कारण विचारू नये' हेही त्यांनीच?"

"त्यांचंच अक्षर आहे."

तिनं झाऱ्यानं कढईतला रवा उलटला. "मला वाटलं होतं, 'काही कारणाने मोडला' असं काहीतरी गुळमुळीत असेल." मग तिनं गॅस पेटवला. "जा. खुर्च्या लाव. आणि आता तोंड बंद ठेव. एवढं एक तरी लपवून दाखव."

बरोबर दहाला ते आले. आई, वडील आणि मुलगा. मुलगा उंच, सडपातळ, खिशाला पेन. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, काही कळतंय का. काही कळत नव्हतं. तो अण्णांना वाकून नमस्कार करून बसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. पाठोपाठ अध्यक्ष आले, न बोलावता, आणि बसता बसताच विचारते झाले:

"काय, आमचं पान बघितलं का?"

माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. मी तो टेबलावर ठेवला.

"बघितलं," मुलगा म्हणाला.

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे." त्यानं एक क्षण विचार केला. "लाल रंग जरा जास्त झालाय."

"लाल?" अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या हिशेबी लाल परवलीच्या शब्दाशिवाय दिसतच नव्हतं. "लाल कुठं दिसलं तुम्हाला?"

अण्णांनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. अण्णांना तेवढं पुरलं. हेडमास्तर होते.

स्वयंपाकघराच्या दारात अक्का ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती आत आली, कॉफीचा ट्रे पाण्याच्या ट्रेशेजारी ठेवला, आणि कोणी बस म्हणायच्या आत, उभ्या उभ्याच म्हणाली, "मला आधी एक सांगायचंय. माझा साखरपुडा झाला होता. तो मी मोडला. तुमच्या मुलाला हे माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का?"

आई-वडिलांनी एकमेकांकडे बघितलं, मग मुलाकडे.

"तुला माहीत होतं?" वडील म्हणाले.

"गुरुवारी वाचलं."

"आणि घरी बोलला नाहीस?"

"पुढं लिहिलं होतं, कारण विचारू नये," मुलगा म्हणाला. "घरी सांगितलं असतं तर आईनं पहिलं तेच विचारलं असतं."

"विचारणारच!" आई म्हणाली. "का नाही विचारणार?"

"विचारा," अक्का म्हणाली. "सांगते. पण आधी त्यांना एकट्याला."

घरात एकांत मिळेल अशी एकच जागा होती, माझी खोली. ते दोघं जिना चढून वर गेले, आणि वर दोरीवर माझे काल दिवसभर धुतलेले कपडे लोंबत असल्याचं मला तेव्हा आठवलं. अध्यक्ष उठले, "मी जरा बघून येतो, ते लाल म्हणजे काय नेमकं—" म्हणून जिन्याकडे निघाले. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसलो आणि उठलो नाही. ते बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. "बसा स्वल्प," अण्णा त्यांना म्हणाले, आणि ते बसले.

वर चाळीस मिनिटं लागली. केसरीभात गार झाला, वर तुपाचा पांढुरका पापुद्रा धरला. मुलाच्या आईनं दोनदा चमचा उचलला आणि परत ठेवला. जिन्यावरून आवाज येत होते पण शब्द येत नव्हते. कान दिला असता तर आले असते. आयुष्यात त्या एका वेळी मी कान दिला नाही. ते कारण मला आजही ठाऊक नाही.

ते उतरले. मुलगा पुढं, ती मागं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, तिच्याही नाही. तो आईला म्हणाला, "निघूया," आणि मग दाराशी जाऊन परत फिरला, वाटीतला गार केसरीभात उभ्यानं संपवला, आणि गेला.

अण्णा वही उघडून बसले आणि रकान्यातला एकेक शेरा वाचत राहिले. पुढच्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते मला घेऊन कोणाच्या ना कोणाच्या घरी जात होते, माफी मागायला. पण तो दुसरा ताप.

अक्का मागच्या नळावर कप विसळत होती. मी पुसायला फडकं घेतलं आणि, तोंड बंद ठेवायचं बजावलेलं असूनही, म्हणालो, "एका अर्थी बरंच झालं ना? वाचूनही आला. म्हणजे माणूस चांगलाच असणार."

तिनं नळ बंद केला.

"मी सांगत होते आणि तो मान डोलवत होता," ती म्हणाली. "नीट ऐकत होता. चांगला आहे, तू म्हणतोस तसा. पण त्याला आधीच तीन दिवस मिळाले होते विचार करायला, कसं तोंड करायचं ते ठरवायला. मला ते न ठरवलेलं तोंड बघायचं होतं. त्याच्यावरून मी ठरवणार होते. ते आता ह्या गोष्टीत मला कधी दिसायचं नाही." तिनं नळ सोडला. "धर हा कप. नीट पूस."

त्यांचा होकार बुधवारी आला. अक्कानं तीन आठवडे घेतले. त्यात तिनं त्याला दोनदा कॉफी हाउसात भेटायला बोलावलं. दोन्ही खेपेला त्याला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगितलं, कुठल्याही वहीत नसलेलं, आणि सांगताना त्याच्याकडे बघत राहिली. काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही. दुसऱ्या भेटीनंतर ती घरी आली, चपला काढल्या, आणि अजून पायरीवरच उभी असताना म्हणाली, "अण्णा, कळवा त्यांना. हो म्हणून."